पिढीजात नसलेला वारसा

नांदेडजवळ गोदावरीकाठी विष्णुपुरीस असलेल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात काय, किंवा लातुरातील विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत काय, मनोविकार विभागाच्या दाराबाहेरील बाकावर रुग्ण एकटा क्वचितच बसलेला दिसतो. त्याच्या एका बाजूस आई असते, दुसऱ्या बाजूस थोरला भाऊ किंवा मामा, आणि त्यांच्यापैकी कोणाच्या तरी मांडीवर प्लास्टिकची एक पिशवी असते, जिच्यात त्या माणसाच्या आजारपणाचे सारे दप्तर कोंबलेले असते. केसपेपर निघतो, नंबर लागतो, आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर औषध कोणते, किती दिवस, गुण कधी येईल, हे सगळे प्रश्न मागे सारून आईच्या तोंडून पहिला प्रश्न बाहेर पडतो तो हा, की ‘साहेब, हे कशानं झालं?’ या लेखाचा विषय तो प्रश्न आहे. त्याच्या उत्तराचा जो एक लहानसा, परंतु निःसंदिग्ध भाग गेल्या दोन दशकांत विज्ञानाच्या हाती आला आहे, तो या दोन जिल्ह्यांतील घरांपर्यंत पोहोचावा, अशी माझी मनापासूनची तळमळ आहे.

मराठवाड्याने या प्रश्नाची आजवर जी उत्तरे दिली, ती सर्वांच्या परिचयाची आहेत. कोणी करणी केली, बाहेरचे लागले, अमावास्येला नको त्या वाटेने गेला, कुलदैवताचे काही राहून गेले. आणि लातूर, नांदेड, बीदर, गुलबर्गा या सलग मुलखात या सर्वांच्या वरताण अशी भानामती. बायकांनी घुमावे, किंकाळ्या फोडाव्यात, कुत्र्यासारखे भुंकावे, आणि गावाने त्याचा आळ एखाद्या निराधार बाईवर घ्यावा, असे प्रकार येथे इतके माजले होते, की डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीला मराठवाड्यात भानामतीविरुद्ध वेगळी मोहीम काढावी लागली. आजही निलंगा-औशाकडील कित्येक कुटुंबे रुग्णाला प्रथम गाणगापूरच्या संगमावर नेतात आणि दवाखान्याची पायरी नंतर चढतात. त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. ब्रिटिश अमलात महाराष्ट्राच्या वाट्याला ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार मनोरुग्णालये आली आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके राज्याचा गाडा त्याच चारांवर चालला. त्यांपैकी एकही मराठवाड्यात नव्हते, तेव्हा ज्याला येरवडा किंवा हैदराबादचे एर्रागड्डा परवडले नाही त्याने देवाच्या दारी जावे, यात अडाणीपणापेक्षा अगतिकता अधिक होती.

लातुरात अलीकडे एक सुशिक्षित उत्तरही रूढ झाले आहे. ज्या वयात स्किझोफ्रेनिया बहुधा प्रथम प्रकट होतो ते सतरा-अठरापासून पंचविशीपर्यंतचे वय. आणि नेमक्या त्याच वयाची हजारो मुले ‘लातूर पॅटर्न’च्या कीर्तीवर विसंबून, अकरावी-बारावी आणि नीटच्या शिकवण्यांसाठी, या शहरात खोली करून राहतात. त्यांतला एखादा मुलगा जेवेनासा झाला, शेजारच्या खोलीतली मुले आपल्याविषयीच बोलतात असे म्हणू लागला, रात्र रात्र जागू लागला, की घरचे लोक म्हणतात, ‘अभ्यासानं डोक्यावर परिणाम झाला’. ताण हा आजाराला निमित्त होतो, हे खरे. परंतु त्याच वर्गात, त्याच ताणाखाली बसलेल्या शेकडो मुलांना हा आजार का झाला नाही, याचा उलगडा त्या उत्तराने होत नाही.

आणि उत्तर कोणतेही असो, अखेरीस बोट आईकडे वळते: तिने गरोदरपणी ग्रहण पाहिले, तिने लाडावले, तिच्या माहेरचेच रक्त तसले. हा केवळ आपल्या खेड्यांचा दोष नव्हे. १९४८ साली अमेरिकेत फ्रीडा फ्रॉम-राइशमान या नामांकित मनोविश्लेषक विदुषीने स्किझोफ्रेनिया उत्पन्न करणाऱ्या मातेची कल्पना मांडली, आणि पुढे दोन-तीन दशके मोठमोठ्या शहरांतील विद्वान डॉक्टर आयांना सांगत राहिले, की तुमच्या वागणुकीने हे मूल असे झाले. इकडे महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिरात व्हिएदा स्कल्टन्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी जे पाहिले आणि १९८७ साली प्रसिद्ध केले, ते आठवले की अंतःकरण हेलावते: आजारी मुलाला घेऊन आलेल्या आया स्वतःच अंगात आणून घेत होत्या, कारण आजार आपल्या अंगावर ओढून घेतला की तो मुलाच्या अंगातून उतरतो, अशी त्यांची श्रद्धा होती. देवळाने आईला त्याग करू दिला, विद्वानांनी तिला आरोपी केले. पण तिच्या प्रश्नाचे उत्तर दोघांपाशीही नव्हते.

स्किझोफ्रेनियात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, ही गोष्ट जुळ्यांच्या अभ्यासांवरून फार पूर्वीच ध्यानात आली होती. सर्वसाधारण समाजात शंभर माणसांमागे सुमारे एकाला आयुष्यात केव्हा तरी हा विकार जडतो. सख्ख्या भावंडाला असेल तर दहांत एकाच्या आसपास. आणि एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांपैकी एकाला असेल तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता जवळजवळ निम्म्यावर जाते. ती शंभर टक्के होत नाही, हेही तितक्याच ठळकपणे सांगितले पाहिजे. परंतु आनुवंशिकता म्हणजे नेमके काय बिघडते, ते कळायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

येथे आपल्या महसुली दप्तराचा दृष्टान्त उपयोगी पडेल. मनुष्याची जनुकसंहिता हे सुमारे ३०० कोटी अक्षरांचे दप्तर आहे, आणि कोणाही दोन माणसांची दप्तरे ताडून पाहिली तर त्यांत लक्षावधी ठिकाणी अक्षरांचा फरक आढळतो. त्यांतले बहुतेक फरक ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीसारखे असतात: असल्या चुकीने शेताचा मालक बदलत नाही. पण शेकडो ठिकाणच्या अशा बारीक फरकांचा भार एकाच बाजूला पडला, तर आजाराकडे कल वाढतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात स्किझोफ्रेनियाशी संबंधित अशी २८७ स्थाने नोंदली गेली, आणि त्यांतील प्रत्येकाचा स्वतंत्र परिणाम अत्यल्प होता. हे झाले सर्वसामान्य भेद, जे तुमच्या-माझ्यातही असतात. याखेरीज एक दुसरी जात आहे: दप्तराचे एखादे पानच्या पान फाटून जाते, किंवा तेच पान दोनदा शिवले जाते, किंवा एका शब्दाच्या चुकीने संपूर्ण फेरफारच रद्दबातल होतो. असा दोष हजारोंत एखाद्याच्या दप्तरात सापडतो, पण ज्याच्या दप्तरात सापडतो त्याच्या बाबतीत त्याचा परिणाम मोठा असतो. यांनाच विरल जनुकीय भेद म्हणतात.

या दुसऱ्या जातीचा शोध २००८ साली एकाएकी वेगाने पुढे सरकला. त्या एका वर्षात निरनिराळ्या संशोधकगटांनी दाखवून दिले, की गुणसूत्रांवरील काही ठरावीक ठिकाणचे तुकडे गळणे किंवा दुणावणे हे स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत इतरांपेक्षा पुष्कळच अधिक आढळते. आज असे मानले जाते, की शंभर रुग्णांपैकी दोघा-तिघांत असला तुकड्याचा दोष असतो. त्यानंतर २०२२ च्या एप्रिलमध्ये ‘नेचर’ नियतकालिकात स्कीमा या जागतिक संघाचा अभ्यास आला. त्यांनी २४,२४८ रुग्णांची जनुके अक्षरशः वाचून काढली, ९७,३२२ निरोगी माणसांच्या जनुकांशी ताडून पाहिली, आणि ज्यांत बिघाड झाल्यास हा विकार होण्याची शक्यता अनेक पटींनी वाढते अशी दहा जनुके निश्चित केली. सेटडी१ए, ग्रिन२ए अशी त्यांची रूक्ष नावे आहेत. ग्रिन२ए हे मेंदूतील पेशींनी एकमेकींचा निरोप ज्या ग्राहकांनी घ्यावयाचा त्यांपैकी एकाचा आराखडा आहे, एवढे कळले तरी वाचकाला दिशा समजेल. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की एकच दोष एका माणसात स्वमग्नतेच्या रूपाने दिसतो, दुसऱ्यात बुद्धीच्या मंदत्वाच्या, तिसऱ्यात स्किझोफ्रेनियाच्या, आणि चौथा तोच दोष बाळगूनही धडधाकट संसार करतो. जनुकाच्या बिघाडात भविष्याची कुंडली लिहिलेली नसते.

आता ती प्लास्टिकची पिशवी उघडून पाहू. पुढे जे वर्णन करतो ते कोणा एका कुटुंबाचे नव्हे. वैद्यकाने अशाच एका तुकड्याच्या दोषाच्या रुग्णांमध्ये वारंवार नोंदलेला क्रम मी एका पिशवीत एकत्र केला आहे. तळाशी एक जीर्ण कार्ड असते, प्रसूतीनंतरचे: बाळाला पाचव्या दिवशी झटके आले, रक्तात कॅल्शियम कमी. त्यावर बालरोगतज्ज्ञाची चिठ्ठी: पाजलेले दूध नाकातून येते, टाळूच्या मागील भागात दोष. मग टूडी इकोचा अहवाल, हृदयाच्या पडद्याला छिद्र. मग हैदराबादच्या किंवा पुण्याच्या इस्पितळाचे डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रिया यशस्वी, कुटुंबाने त्यासाठी दोन एकर विकलेले. मग काही वर्षे कागदच नाहीत, कारण त्या वर्षांत मूल शाळेत आहे. नाकात बोलते म्हणून पोरे चिडवतात, गणितात मागे पडते, मास्तर म्हणतात लक्ष देत नाही. त्यावर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची एक चिठ्ठी, वारंवार कान फुटतो. आणि अगदी वर, ताजे, मनोविकार विभागाचे कागद: वय १९, चार महिन्यांपासून संशय, एकट्याशी बोलणे, कानात आवाज, रिस्पेरिडोनची गोळी चालू. बालरोग, हृदयशल्य, कान-नाक-घसा, मनोविकार अशा चार दालनांतून चार डॉक्टरांनी चार अचूक निदाने लिहिली, आणि चारही कागद एकाच फाटलेल्या पानाची कैफियत सांगत होते, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

ते पान बाविसाव्या गुणसूत्रावरचे आहे. तेथील ‘२२क्यू११.२’ या ठिकाणचा सुमारे ३० लाख अक्षरांचा तुकडा गळतो आणि त्याबरोबर चाळीसहून अधिक जनुकांची एकेक प्रत नाहीशी होते. दर दोन ते चार हजार जन्मांमागे एका बाळात हे घडते. अँजेलो डीजॉर्ज यांनी १९६५ साली त्याची एक बाजू पाहिली, रॉबर्ट श्प्रिंट्झन यांनी १९७८ साली टाळू आणि हृदयाची दुसरी. आणि ही मुले वयात आल्यावर त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांशांना स्किझोफ्रेनियासारखा विकार होतो, हे नव्वदीच्या दशकात उघडकीस आले. एका ज्ञात दोषाने इतका मोठा धोका उत्पन्न व्हावा, असे मनोविकारशास्त्रात दुसरे उदाहरण क्वचित सापडते.

मग प्रश्न येतो, की कळून तरी काय उपयोग? उपयोग पुष्कळ आहे. अशा रुग्णाचे कॅल्शियम मोठेपणीही घसरते आणि घसरले की बेचैनी, संभ्रम, झटके येतात, आणि मानसिक आजार वाढला असे समजून गोळीची मात्रा वाढविली जाते. कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व वेळेवर दिले तर हे टळते. इतर औषधांनी गुण न आल्यास द्यावयाचे क्लोझापिन या रुग्णांना देता येते, पण झटक्यांचा धोका त्यांच्यात अधिक, म्हणून मात्रा हळूहळू चढवावी लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे असे, की आईला तिच्या प्रश्नाचे उत्तर मिळते.

माझ्या मते या सगळ्या संशोधनाचा गाभा या उत्तरात आहे. असा तुकडा गळलेल्या दहा रुग्णांपैकी नऊजणांच्या आईबापांची गुणसूत्रे शाबूत असतात. दोष नव्याने घडलेला असतो. बीजपेशी तयार होताना दप्तराची नक्कल करताना झालेली ती चूक असते. प्रत्येक मूल साठ-सत्तर नवे अक्षरबदल घेऊन जन्माला येते, तुम्ही-मीसुद्धा. ते बहुतांशी निरुपद्रवी जागी पडतात, एखाद्याचे मात्र दुर्दैवाने मर्मस्थानी पडतात. आइसलंडमधील २०१२ सालच्या प्रसिद्ध अभ्यासाने असे दाखविले, की यांतील बहुतेक बदल पित्याकडून येतात: वीस वर्षांच्या पित्याकडून सुमारे २५, चाळीस वर्षांच्या पित्याकडून सुमारे ६५, तर मातेकडून सुमारे १५. हे वाचून कोणी आता बापाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. निसर्गाच्या नकलनविसाकडून झालेल्या चुकीला गुन्हेगार नसतो. परंतु ‘तिच्या माहेरचे रक्त’ या वाक्याचा पाया मात्र यामुळे उखडला जातो.

विरल भेद विरल का राहतात, याचे कारणही यातच दडले आहे. गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसांना सरासरीने संतती कमी होते, कित्येकांचे लग्नच होत नाही. त्यामुळे मोठा परिणाम घडविणारा दोष पिढ्यान्‌पिढ्या पसरत नाही, तो एक-दोन पिढ्यांत लोपतो, आणि दुसरीकडे, दुसऱ्याच घरात, नव्याने उगवतो. म्हणून ज्या घराण्यात सात पिढ्यांत कोणी वेडे झाले नाही, अशा घराण्यातही हा आजार जनुकीय असू शकतो. ‘आमच्यात असं कुणालाच नाही’ हे आईचे उद्गार खरे असतात आणि डॉक्टरांचे निदानही खरे असते. वारसा आहे, पण पिढीजात नाही.

दोन्ही जिल्ह्यांचा ढोबळ हिशेब मांडून पाहावा. २०११ च्या जनगणनेत नांदेडची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार आणि लातूरची २४ लाख ५४ हजार होती. त्यांत प्रौढ ३५ लाख धरले, आणि २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचे, कोणत्याही वेळी हजार प्रौढांमागे चौघे या स्वरूपाच्या तीव्र मनोविकाराने पीडित असतात, हे प्रमाण लावले, तर चौदा हजार माणसे निघतात. पाश्चात्त्य रुग्णांमध्ये दर तीनशेंमागे एकात बाविसाव्या गुणसूत्राचा हा दोष आढळला आहे. तेच गणित येथे चालविले तर पंचेचाळीसच्या आसपास माणसे, आणि सर्व प्रकारचे तुकड्यांचे दोष धरले तर तीन-चारशे. एवढी कुटुंबे या दोन जिल्ह्यांत कोणा ना कोणा देवऋषीच्या, सावकाराच्या आणि शेजाऱ्यांच्या कुजबुजीच्या फेऱ्यात सापडलेली आहेत.

येथे मला एका प्रश्नाकडे मराठवाड्याचे लक्ष वेधावेसे वाटते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींनी पश्चिम नेदरलंड्सची अन्नाची रसद तोडली; त्या उपासमारीच्या ऐन काळात ज्यांचा गर्भ राहिला, त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. चीनमध्ये १९५९ ते ६१ च्या भीषण दुष्काळाच्या बाबतीत आन्हुई प्रांतातील वूहू परिसरातही तसेच निघाले: १९५९ साली जन्मलेल्यांत ०.८४ टक्के, १९६० साली जन्मलेल्यांत २.१५ टक्के. २००६ साली जॅक मॅक्लेलन, एझ्रा सुसर आणि मेरी-क्लेअर किंग यांनी याची एक उपपत्ती सुचविली, की फोलेटसारख्या द्रव्यांच्या अभावी जनुकांची नक्कल आणि दुरुस्ती नीट होत नसावी, आणि त्यामुळे नवे विरल दोष वाढत असावेत. ही सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, एक अभ्यासनीय तर्क आहे. परंतु १९७२ चा दुष्काळ ज्याने ऐकला आहे, ज्याच्या आईने रोजगाराच्या कामावर खडी फोडत गर्भ वाढविला आणि सुकडी व लाल मिलोवर दिवस काढले, त्या मराठवाड्याच्या मनात हा तर्क वाचताच विचार आल्याशिवाय राहणार नाही. येथे सरकारी कामे व धान्यवाटप यांमुळे नेदरलंड्स किंवा चीनसारखे भूकबळी पडले नाहीत, हा फरक मोठा आहे. तरीही १९७३ साली जन्मलेली मुले आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या जन्मनोंदी आणि आरोग्य एकत्र पाहण्याचे काम येथल्याच विद्यापीठांनी व वैद्यकीय महाविद्यालयांनी हाती घ्यावे. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या वतीने, त्या आपत्तीच्या मानसिक परिणामांचा अभ्यास याच भूमीवर झाला होता. तेव्हा असली कामे येथे होत नाहीत, असे म्हणण्याची सोय नाही.

विरल भेदांची एक दुसरीही तऱ्हा आहे, आणि तिच्याविषयी मराठवाड्यात बोलताना संकोच बाजूला ठेवावा लागतो. काही दोष असे असतात, की त्यांची एक प्रत बिघडलेली असली तरी माणूस निरोगी राहतो, दोन्ही बिघडल्या तरच आजार होतो. इरावती कर्वे यांनी भारतातील नातेसंस्थेवरील १९५३ सालच्या ग्रंथात उत्तरेकडचा निषेध आणि दक्षिणेकडची पसंती यांच्या मधल्या पट्ट्यात महाराष्ट्राला ठेवले, आणि मामाच्या मुलीशी विवाह येथे चालतो, किंबहुना पुष्कळ ठिकाणी तो मानाचा समजला जातो, हे नोंदविले. तेलंगण-कर्नाटकाला लागून असलेल्या देगलूर, बिलोली, उदगीर या भागांत सख्ख्या भाचीशी विवाहही काही जातींत होत आले. मुसलमान कुटुंबांत चुलत-मावस नात्यांत सोयरीक होते. अशा दांपत्याच्या अपत्यात, मामे-आतेभावंडांच्या बाबतीत, दप्तराचा सुमारे सोळावा हिस्सा दोन्हीकडून एकसारखाच येतो. एखादा लपलेला दोष त्या हिश्शात असला तर तो उघडा पडतो.

याचे मनोविकाराच्या संदर्भातील सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण म्हणजे विल्सनचा विकार. लंडनच्या किनियर विल्सन यांनी १९१२ साली त्याचे वर्णन केले. एटीपी७बी हे जनुक दोन्हीकडून बिघडले की अन्नातले तांबे शरीराबाहेर टाकले जात नाही. ते आधी यकृतात आणि मग मेंदूत साचते. चौदा-पंधरा वर्षांचा हुशार मुलगा एकाएकी चिडखोर होतो, अक्षर बिघडते, लाळ गळते, हात थरथरतात, कधी नको ते बोलतो, कधी हसतच सुटतो. घरचे मांत्रिकाकडे नेतात आणि दवाखान्यात त्याला मनोविकाराची गोळी सुरू होते. या रुग्णांचे शरीर असल्या गोळ्यांनी आणखीच ताठरते, आणि आजार वाढल्याचा भास होतो. डोळ्याच्या बुबुळाभोवती तपकिरी कडे दिसते का ते नेत्रतज्ज्ञाने सूक्ष्मदर्शक दिव्याखाली पाहणे, रक्तातील सेरुलोप्लास्मिन आणि चोवीस तासांच्या लघवीतील तांबे मोजणे, एवढ्याने बहुधा निदान होते. आणि जॉन वॉल्श यांनी १९५६ साली वापरात आणलेल्या पेनिसिलामाइनने व साध्या जस्ताच्या गोळ्यांनी, वेळेवर सुरू झाल्यास, तो मुलगा पुन्हा शाळेत बसू शकतो. हजारो वेडांत हे एक वेड असे आहे, की ज्याचे औषध स्वस्त आणि निश्चित आहे. ते ओळखता न आल्यामुळे एखादे मूल गमावावे, याहून मोठी खंत वैद्यकात कोणती असेल?

नात्यातील विवाहावर सरसकट बंदीची हाकाटी करणे मात्र मला मान्य नाही. आपल्याकडे दोष लपून राहण्याचे क्षेत्र एका कुटुंबापुरते मर्यादित नाही. ते जातीइतके मोठे आहे. हैदराबादच्या पेशीय व आण्विक जीवविज्ञान केंद्राचे कुमारसामी थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइख यांनी सहकाऱ्यांसह २०१७ साली दाखवून दिले, की त्यांनी तपासलेल्या २६० हून अधिक दक्षिण आशियाई समूहांपैकी ८१ समूह शतकानुशतकांच्या अंतर्विवाहामुळे फिनलंडच्या लोकांपेक्षा किंवा अश्कनाझी ज्यूंपेक्षाही अधिक ‘आतल्या आत’ जुळलेले आहेत. तेलुगू मुलखातील वैश्य समाजात भूल देताना वापरल्या जाणाऱ्या एका औषधाने स्नायू बराच वेळ लुळे पडतात, हा अनुभव तेथील डॉक्टरांना जुना आहे आणि त्याचे मूळ त्या समाजात वाढलेल्या एका विरल भेदात आहे. त्याच समाजाची कुटुंबे नांदेडातही पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. नात्यात लग्न टाळून जातीतच, शंभर घरांच्या वर्तुळात, लग्न करणाऱ्याने आपण निर्धास्त झालो असे समजू नये.

जनुकांविषयीचे हे सारे ज्ञान ज्याच्या हाती पडते त्याच्या नीतीवर त्याचे फळ अवलंबून आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. म्युनिकचे अर्न्स्ट रूडिन यांनी १९१६ साली स्किझोफ्रेनियाच्या आनुवंशिकतेवर पहिला पद्धतशीर कौटुंबिक अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्याच गृहस्थांनी १९३३ च्या नाझी नसबंदी कायद्याच्या भाष्याला आपले नाव दिले. पुढे त्या राजवटीने सत्तर हजारांहून अधिक मनोरुग्णांना व अपंगांना विषारी वायूने मारले. आपल्याकडे वायूच्या कोठड्या नाहीत, परंतु सोयरिकीची चौकशी आहे. मूळ पाहायला आलेले पाहुणे गावातल्या चहाच्या हॉटेलात बसून ‘घराण्यात कोणी वेडंबिडं आहे का’ असे हळूच विचारतात, आणि एका भावाच्या आजारापायी तीन बहिणींची लग्ने अडतात. कायदा येथे समाजाहून उदार आहे. हिंदू विवाह कायद्याच्या पाचव्या कलमात वधू-वरांच्या स्वतःच्या मानसिक अवस्थेचा विचार आहे, त्यांच्या भावाबहिणींच्या आजाराचा नाही. त्याच कलमातील अपस्माराचा उल्लेख संसदेने १९९९ साली काढून टाकला. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. जनुकाच्या चाचणीचा कागद हा त्या हक्काच्या कक्षेतला दस्तऐवज आहे. तो मामाला, सरपंचाला किंवा होऊ घातलेल्या व्याह्याला दाखविण्यासाठी नव्हे.

मग नांदेड-लातुरात करावयाचे ते काय? प्रत्येक रुग्णाची जनुके वाचून काढावीत, असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. शंभरांतील सत्त्याण्णव जणांच्या बाबतीत त्यातून आज उपचाराला उपयोगी असे काही निघणार नाही, आणि खर्चाने कुटुंब बुडेल. करावयाचे ते जुन्या वैद्यकाचेच काम आहे: पिशवी उघडणे. पहिल्या भेटीत तीन पिढ्यांचा वंशवृक्ष कागदावर काढावा, नात्यात लग्न आहे का ते न लाजता विचारावे, टाळू पाहावी, बोलणे ऐकावे, बालपणी हृदयाचे ऑपरेशन किंवा झटके झाले का याची नोंद घ्यावी, शाळेतील प्रगतीची हकीकत विचारावी. रांगेत शंभर माणसे असताना हे कसे जमावे, असे डॉक्टर विचारतील आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु समाजसेवा अधीक्षक किंवा प्रशिक्षित परिचारिका पंधरा मिनिटांत हे लिहून देऊ शकते. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन फाटलेली टाळू, हृदयदोष व विकासातील विलंब शोधतातच; त्या नोंदी मुलाबरोबर मोठ्या होऊन मनोविकार विभागापर्यंत याव्यात, एवढीच तजवीज राहिली आहे.

ज्या थोड्यांच्या बाबतीत संशय बळावेल, त्यांचे रक्त हैदराबादेस पाठवावे. निजामी अमदानी संपून पाऊणशे वर्षे उलटली, तरी नांदेडकरांची आजारपणातली राजधानी हैदराबादच आहे, आणि या बाबतीत तरी ते भाग्याचे आहे. विरल आजारांसाठी केंद्र सरकारने नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांत तेथील डीएनए अंगुलिमुद्रण व निदान केंद्राचा समावेश आहे, तसाच मुंबईच्या केईएम रुग्णालयाचाही. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये एकाच घरात अनेकांना तीव्र मनोविकार असलेल्या कुटुंबांचा वर्षानुवर्षे अभ्यास चालू आहे, आणि १०,००० भारतीयांची संहिता वाचणाऱ्या जीनोमइंडिया प्रकल्पाचे दप्तर २०२५ च्या जानेवारीत संशोधकांना खुले झाले. जगातील बहुतेक जनुकीय माहिती युरोपीय वंशाच्या माणसांची आहे. येथल्या रुग्णात आढळलेला एखादा भेद दोष आहे की आपल्याकडची सामान्य गोष्ट, हे ठरविण्यास असे आपले दप्तर लागतेच.

अहवाल आल्यावर आई दुसरा प्रश्न विचारते, आणि तो बहुधा धाकट्या मुलीविषयी असतो. त्याची उत्तरे तीन आहेत, आणि ती एकमेकांत मिसळता कामा नयेत. तुकडा गळलेला निघाला आणि आईबापांची गुणसूत्रे शाबूत निघाली, तर बहिणीला तोच दोष असण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी, आणि तिच्या मुलांना काकणभरही अधिक नाही. विल्सनचा विकार निघाला, तर ती कितीही ठणठणीत दिसत असली तरी तिला चारात एक धोका आहे. तिची तपासणी त्याच आठवड्यात व्हावी, कारण लक्षणे दिसण्याआधी औषध सुरू केले तर ती आयुष्यभर निरोगी राहू शकते. आणि काहीच निघाले नाही, जसे बहुतेकांचे निघत नाही, तर तिला आजार होण्याची शक्यता दहांत एक, म्हणजे न होण्याची दहांत नऊ. तिने शिकावे, नोकरी करावी, लग्न करावे, आणि झोप उडाली किंवा मन थाऱ्यावर नसले तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक फिरवावा, ज्यावर मराठीत बोलणारा माणूस मिळतो.